तारेवाचून आधार

मी एक जुनी ब्रेसियर आहे. त्यातही तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी शिवलेली. मित्रांनो, हे ऐकून तुमच्यापैकी काही जण एकमेकांना कोपर मारतील, काही जण उगाचच पायांकडे पाहतील, याची मला कल्पना आहे. दोरीवरसुद्धा आम्हां ब्रेसियरना टॉवेलखाली वाळत घालतात, तेव्हा अशा संकोचाची मला सवय आहे. परंतु तुमच्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी तान्हा होता आणि भुकेने रडत होता. ते दिवस तुम्हांला आठवत नसले, तरी माझ्यासारख्यांनी ते जवळून पाहिले आहेत. म्हणून माझी हकीकत शेवटपर्यंत ऐका.

माझा जन्म एका लहान शिवणकारखान्यात झाला. ज्या बाईने मला बेतले, तिने प्रत्येक गोष्टीमागे काही विचार केला होता. माझे कापड सुती, मऊ आणि किंचित ताणले जाणारे होते. कपांच्या मध्यभागी शिवण नव्हती, कारण तेथे ती टोचली असती. खांद्यांवरचे पट्टे रुंद होते, तरी मुख्य भार त्यांच्यावर नव्हता. तो छातीखालच्या रुंद पट्टीवर होता. इमारतीचा भार पायाने घ्यावा, छपराने नव्हे, तसाच हा हिशेब. पाठीमागे हुकांसाठी एकाऐवजी अनेक रांगा होत्या, कारण बाळंतिणीचे अंग आज एक असते आणि महिन्याने दुसरे. पुढे प्रत्येक पट्ट्याला एक चाप होता. तो एका हाताने उघडावा लागतो, कारण दुसऱ्या हातात बाळ असते. कप खाली उतरला तरी आतली सुती कड स्तनाला खालून धरून ठेवी.

तार मात्र माझ्यात कोठेही नव्हती. शेजारच्या टेबलावर तारेच्या ब्रेसियर, म्हणजे कपाखाली धातूची वाकवलेली तार घातलेल्या, शिवल्या जात. त्या खोक्यात ऐटीत उभ्या राहत. मी टेबलावर ठेवताच रिकाम्या पिशवीसारखी आडवी होई. दुकानात गेल्यावरही त्या काचेत बसल्या आणि मी मागच्या फळीवर.

तेथून मला एका हसऱ्या, बोलक्या बाईने उचलले. तिला स्वतःला दोन मुले होती आणि तिच्या वहिनीला लवकरच पहिले मूल होणार होते. दुकानदारीणबाईंनी माप विचारले. वहिनी नेहमी वापरते त्यापेक्षा मोठे द्या, असे तिने सांगितले. तिला बरोबर का आणले नाही, या प्रश्नावर ती हसली आणि म्हणाली, “तिचं माप ती दुसऱ्या कोणाला घेऊ देईल होय? आमची वहिनी म्हणजे मापांची मालकीण आहे.”

हे खोटे नव्हते. वहिनी एका यंत्रकारखान्यात तपासणी विभागात होती. भोकात दांडा नेमका बसतो की नाही, हे पाहणे तिचे काम. माप केसाइतके चुकले तरी ती त्या भागावर लाल रंगाचा ठिपका देई आणि मग मोठ्या साहेबांनाही तो पुसता येत नसे. हीच शिस्त तिने घरी आणली होती. दुकानात परत करायच्या कपड्याला ती लाल धाग्याची गाठ मारून ठेवी. सासूबाई कौतुकाने आणि थोड्या वैतागाने तिला ‘मोजणीबाई’ म्हणत. चहात साखर घालतानाही हिचा चमचा सपाट, अशी त्यांची तक्रार होती.

नणंदेने मला आणून दिले, तेव्हा वहिनीने मला अंगात घातले, पट्टीत बोट घालून पाहिले आणि आरशासमोर बाजूने उभी राहिली. माझ्या कपांवर सुरकुत्या होत्या. त्या पुढे भरतील, असे नणंदेने सांगितले. परंतु पुढे भरेल म्हणून आज सैल भाग पास करणे तिच्या नियमात बसत नव्हते. तिने स्वतःचे माप घेऊन, त्याच मापाच्या तारेच्या ब्रेसियर आधीच आणल्या होत्या. त्या तिला अगदी चपखल बसत होत्या. माझ्या पट्ट्याला लाल धाग्याची गाठ बसली आणि मी कपाटाच्या खणात गेले.

मला दुकानात परत करायला सवड होण्याआधीच बाळ जन्मले. मुलगी झाली. घरात आनंद झाला आणि थोड्याच दिवसांत त्या आनंदावर सावट आले. वहिनीला पान्हा चांगला फुटला होता, पण छाती दगडासारखी झाली. एका बाजूला खाली गाठ लागू लागली. बाळ तोंडात घेई, सोडून देई आणि लाल होईपर्यंत रडे. मी खणात असले तरी खणाचे दार नीट लागत नव्हते. मला सारे ऐकू येत होते. सासूबाई शेक देत होत्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, की दूध साचले आहे, पाजणे थांबवू नका, अंगात घट्ट काही घालू नका आणि ताप आला तर तडक निघून या. वहिनीने मान डोलावली. घरी आल्यावर सासूबाईंनी तिच्या ब्रेसियरकडे शंकेने पाहिले, तेव्हा ती म्हणाली, “ही घट्ट नाही आई, मापाची आहे.”

सासूबाईंनी पुन्हा शेकाचे फडके गरम करायला घेतले.

एका दुपारी बाळ रडून रडून उचक्या देऊ लागले, तेव्हा तिचा धीर सुटला. तिने नवऱ्याला दुधाच्या भुकटीचा डबा आणायला सांगितले. तो तसाच चपला घालून निघाला. सासूबाई तिच्याजवळ पलंगावर बसल्या.

“डब्यावरही बाळं वाढतात गं,” त्या म्हणाल्या. “माझा एक भाऊ तसाच वाढला आणि आता दारातून आत येताना त्याला तिरकं व्हावं लागतं. ते राहू दे. तुला काय हवंय, ते सांग.”

“मला पाजायचंय,” ती म्हणाली आणि रडू लागली. “पण ती मला नको म्हणते.”

तेवढ्यात भेटायला आलेली नणंद शेकाचे गरम फडके घेऊन आत आली. शेकण्यासाठी वहिनीने ती तारेची ब्रेसियर काढली. कपाटाच्या आरशापुढेच ती उभी होती. तिच्या अंगावर, स्तनाच्या खालच्या बाजूला, चंद्रकोरीसारखा लालभडक वळ उमटला होता. गाठ नेमकी त्या वळावर होती.

“वहिनी, हे गं काय?” नणंदेने विचारले.

वहिनीने त्या वळावरून बोट फिरवले, अगदी सावकाश, कारखान्यात दांड्यावरून फिरवावे तसे. मग ती म्हणाली, “ही खूण मी ओळखते. भाग चालू लागला की तापतो. तापला की फुगतो. फुगायला जागा ठेवली नाही, तर असाच घासतो आणि मग जखडतो.”

“अगं बाई, तू काय दांडा आहेस?”

“दांड्याला तरी मी जागा ठेवते,” वहिनी म्हणाली.

तिने वळून माझा खण उघडला.

मित्रांनो, तिने मला पुन्हा अंगात घातले. तिने हूक अशा रांगेत लावले, की पट्टी अंगाला टेकून राहील, पण तिच्याखाली दोन बोटे सहज जातील. ज्या कपांवर सुरकुत्या होत्या, ते आता भरले होते आणि तरीही थोडी जागा उरली होती. तिने खांदे खाली सोडले. कित्येक दिवसांत ते खाली आलेच नव्हते. मग बाळाला एका हातावर घेऊन तिने दुसऱ्या हाताने चाप उघडला. बाळाने सवयीने तोंड फिरवले, पुन्हा आणले, धरले. नणंद काही विनोद करणार होती, पण सासूबाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केले. थोड्या वेळाने खोलीत फक्त घुटक्यांचा आवाज येऊ लागला.

गाठ लगेच गेली नाही. शेकावे, हलकेच चोळावे, पाजावे, पुन्हा पाजावे, असा क्रम चालू राहिला. संध्याकाळपर्यंत ती मऊ पडली आणि पुढच्या एका सकाळी शोधूनही सापडली नाही. ताप आला नाही. साऱ्या घराचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याने आणलेला डबा तोवर ओट्यावरच होता. तो कोठे ठेवावा, असे त्याने विचारले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “राहू दे फळीवर. लागला तर लाज नाही, नाही लागला तर घाई नाही.”

त्यानंतर माझ्या जोडीला आणखी काही आणण्यासाठी वहिनी नणंदेबरोबर त्याच दुकानात गेली. मी तिच्या अंगावरच होते. या वेळी तिने दूध भरलेले असताना माप घेऊ दिले. प्रत्येक ब्रेसियर घालून तिने दोन्ही हात वर केले आणि खालची पट्टी वर सरकते का, ते पाहिले. गळणारे दूध टिपण्याची सुती घडी कपात ठेवली, तरी तो आवळत नाही ना, हे पाहिले. शेवटी नणंदेची जाडजूड पर्स बाळासारखी एका हातावर घेऊन ती दुसऱ्या हाताने चाप उघडू लागली. एक चाप अडला, तशी ती ब्रेसियर बाजूला गेली. नणंद तिला म्हणाली, “माझ्या पर्सला दूध पाजलंस, आता तिची ढेकरही काढ.” तिघीही हसल्या.

वर्ष सरले. मुलगी वाटीतले खाऊ लागली, मग माझ्यापासून दूर पळू लागली. माझे ताणतंतू सैल झाले, चाप मात्र अजून शाबूत आहेत. फडक्यांच्या गाठोड्यात जाण्याऐवजी मी कारखान्यात गेले. तेथील स्त्रियांच्या विश्रांतीच्या खोलीत वहिनीचे एक कपाट आहे. एखादी सहकारी आई होणार असली, की ती मला बाहेर काढते, चाप उघडून दाखवते आणि सांगते, “माप आजचं घे, पण जागा उद्याची ठेव.” लाल धागा अजून माझ्या पट्ट्याला आहे. नुकतेच एका मुलीने त्याबद्दल विचारले. वहिनी म्हणाली, की नापासाची खूण आहे, राहू दे. नापास ही नव्हे, तपासणारी झाली होती.

आता एवढेच सांगणे, मित्रांनो. घरात कोणी बाळंतीण असेल, तर तिला कपडा बसतो का, एवढेच विचारू नका. त्यात तिला मोकळा श्वास घेता येतो का, हेही विचारा. आम्हांला गरम पाण्यात उकळू नका, पिळे देऊन पिळू नका. आणि ज्या टॉवेलचा उल्लेख मी आरंभी केला, त्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली.

गाठ विरेपर्यंत आमच्या घरीही साऱ्या ब्रेसियर टॉवेलखालीच वाळत असत. ती रीत सासूबाईंचीच. कपडा दमट राही आणि वहिनीच्या अंगाला खाज सुटे. गाठ विरली त्या सकाळी सासूबाईंनी मला स्वतः धुतले आणि गॅलरीतल्या दोरीवर घातले. सवयीने टॉवेल उचलला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मग खांद्यावर टाकला. समोरच्या गॅलरीतल्या शेजारीणबाई टक लावून पाहत होत्या.

“नातीच्या जेवणाचं भांडं आहे,” सासूबाई त्यांना म्हणाल्या. “भांडं कोणी झाकून वाळवतं का?”

त्या दिवशी मी पहिल्यांदा खडखडीत वाळले.