राजाच्या केसाला गाठ

जपानमधल्या ग्योतोकुच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये रविवारी भर दुपारी तीस माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि छतावरच्या धुराच्या अलार्मला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. आगीला न भिणारा संत जपानी अलार्मला मात्र भीत असावा.

साल दोन हजार सहा. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर जवळच्या निशी-कसाईत विमानं भरभरून उतरत होते. त्यांच्यामागून तूरडाळ आली, कढीपत्ता आला आणि लक्ष्मीकांत आला. तो म्हणे आधी नॉर्वेत प्रोजेक्टवर होता. येताना त्याने तिथल्या ओलाफ राजाचा केस आणला होता.

"हजार वर्षांपूर्वी हा राजा लढाईत पडला," लक्ष्मीकांत सांगत होता. "वर्षाने प्रेत उकरलं, तर चेहरा टवटवीत, केस-नखं वाढलेली. बिशपने केस धूप घातलेल्या निखाऱ्यांवर ठेवले. जळले नाहीत. राजा संत झाला. हा केस म्हणजे सर्व्हर समजा. आपण फक्त कनेक्ट व्हायचं."

त्याने चिमट्याने एक फिकट, चमकदार केस उचलला आणि धूपदाणीतल्या निखाऱ्यावर धरला. धूर झाला, केस तसाच. सगळे हात जोडले गेले. मग तो केस एकेकाच्या कपाळावर फिरला आणि शेवटी भांडंभर पाण्यात बुडवून ते तीर्थ वाटण्यात आलं.

"कपाळाला चुणचुणतंय ना?" लक्ष्मीकांतने विचारलं. "सिग्नल फुल आहे."

मी विभा. पुण्यात बारा वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे कागदोपत्री अवलंबित. मी तिथे गेले ती शेजारच्या जयंतीसाठी. तिला फिट येण्याचा आजार. गोळ्यांमुळे सात वर्षांत एकही आली नव्हती. लक्ष्मीकांतने गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि तिच्या नवऱ्याने, उल्हासने, त्या बंद केल्या. नवव्या दिवशी ती गॅसपुढे कोसळली, उजवा हात भाजला. "आजार बाहेर पडतोय," हे लक्ष्मीकांतचं निदान.

आता ती माझ्या शेजारी बसली होती. एका हाताला बँडेज, दुसऱ्या हाताने कपाळ खाजवत होती. कपाळावर बारीक लाल पुरळ उठलं होतं. तसं पुरळ मी पाहिलं होतं, प्रयोगशाळेत.

मी उठले. "लक्ष्मीकांत, गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथे एक राणीही होती. ती म्हणाली, वाळूत पुरलेली प्रेतं लवकर कुजत नाहीत. आणि केस बिनधुपाच्या, साध्या विस्तवावर ठेवून दाखवा."

"आणि तिला सरदारांनी गप्प बसवलं," तो हसून म्हणाला. "तेही सांगा की, मॅडम."

खोलीत हशा पिकला.

"गप्प बसवलं," मी म्हटलं, "उत्तर कुणी दिलं नाही. मला विस्तवही नको. या केसाला फक्त गाठ मारून दाखवा."

"गाठ?"

"माझ्या केसाला बसते. राजाच्याही बसायला हवी."

"संताची विटंबना होईल."

उल्हास कुजबुजला, "विभाताई, बसा ना."

तेव्हा जयंती बोलली. तिचा आवाज शांत होता. "उल्हास, तू मार गाठ. गोळ्या तूच बंद केल्यास ना?"

तो उठला. मग पुढे गेला आणि लक्ष्मीकांत हात आवरायच्या आत त्याने केस उचलला. वळसा घातला, आवळला. केस मोडला. मोडलेल्या टोकाला कुसळांसारखे तंतू फुटले आणि उल्हासच्या बोटात रुतले.

"काच," मी म्हटलं. "होड्या, टाक्या दुरुस्त करायला काचेच्या धाग्यांचं कापड मिळतं, घरदुरुस्तीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात. त्यातला उपसलेला धागा आहे हा. निखाऱ्यावर काच पेटत नाही, हा झाला चमत्कार. तिची कुसळं कातडीत शिरतात, हा सिग्नल. आणि हीच कुसळं पाण्यातून तुम्ही प्यायलात."

मी माझा एक केस उपटून निखाऱ्यावर टाकला. तो आक्रसला आणि तो ओळखीचा घाणेरडा वास खोलीभर झाला.

"श्रद्धा नसेल तर केसाचीही काच होते," लक्ष्मीकांत म्हणाला. जमलेल्यांपैकी दोघांनी यावरही मान डोलावली. बाकीचे बूट शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जयंती आणि उल्हासबरोबर इस्पितळात गेले. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि विचारलं, औषध कुणी थांबवलं? उल्हासने लक्ष्मीकांतचं नाव घेतलं नाही. मान खाली घालून म्हणाला, "मी."

हजार वर्षांपूर्वी त्या धुपात काय घडलं, मला ठाऊक नाही. बघायला मी नव्हते. पण जे तुमच्यासमोर घडतं ते हातात घेऊन बघता येतं, वाकवून बघता येतं. बघू देत नसतील तर तिथून उठा. आणि औषध थांबवायचं असेल तर ज्याने दिलं त्यालाच विचारा. उल्हासने डॉक्टरांना विचारलं असतं, तर जयंतीच्या भाजलेल्या हाताची तीन बोटं आज अशी आखडलेली नसती.