आतलं सील

लाव्हर्न झास्ट्रोच्या आधी त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज माझ्या शेडमध्ये पोचला. टिनाच्या डब्यात खिळे भरून डबा दगडावर घासावा, तसला. लाव्हर्न तेव्हा दोन घरं पलीकडे राहायचा. नजर कमी झाल्यावर गाडीचं लायसन काढून घेतलं, तेव्हापासून हा गवत कापायचा जुना ट्रॅक्टर म्हणजेच त्याचे पाय. आणि शहाणा पाती फिरती ठेवूनच आला, रस्त्याकडेचं गवत कापत.

"बंद कर ते," मी म्हणालो. "मेलेली माणसं उठतील."

"उठू दे की. माझ्या लग्नाला आलेले निम्मे तिकडंच आहेत, गाठ तरी पडेल." त्यानं चावी फिरवली आणि तसाच सीटवर बसून राहिला. "नॉर्ब, रविवारपर्यंत होईल का रे?"

"रविवारी काय आहे?"

"रॉडनी येतोय."

मी हत्यारांची पेटी ओढली. रॉडनी त्याचा एकुलता एक, मिलवॉकीला असतो. डॉरिस वहिनी गेल्या तेव्हा दफनानंतरच्या जेवणातच, हॅमचं सँडविच हातात धरून, पोरानं बापाला सांगितलेलं, "डॅड, जोवर तुमचं अंगण तुम्ही कापताय, तोवर तुम्ही या घरात. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी टेकडीवर." टेकडीवर म्हणजे वृद्धाश्रम. आमच्याकडं माणूस धड आहे का नाही, हे त्याच्या तोंडाकडं बघून कुणी ठरवत नाही. गवताकडं बघून ठरवतात. घोट्याच्या वर गेलं की शेजारी फोन करतात, गुडघ्याला लागलं की गावची नोटीस येते.

पट्टा काढला, पिना काढल्या, डेक ट्रॅक्टरच्या पोटाखालून ओढून उलटा केला. डेक म्हणजे पालथ्या परातीसारखं पोलादी झाकण, त्याच्या आत तीन पाती. प्रत्येक पातं एका दांड्यावर फिरतं, तो स्पिंडल. मधलं पातं धरून हलवलं तर दुधाच्या दातासारखं हललं. कडेची दोन्हीही तशीच.

"तिन्ही गेलेत," मी म्हणालो.

"कसे जातील? दर शनिवारी ग्रीस भरतो मी. न्याहारीच्या आधी. डॉरिस ओरडायची, आधी हात धू म्हणून."

"भरत असशील रे."

"असशील काय? भरतो."

मी नट सोडवला, लाकडाचा ठोकळा ठेवून दांडा ठोकून बाहेर काढला. वरच्या बेअरिंगमधून गंजाची भुकटी पडली, तपकिरीसारखी. गोळ्या झिजून चपट्या झालेल्या. आणि दोन बेअरिंगांच्या मधली पोकळी मात्र ग्रीसनं गच्च. ताजं, लालभडक, पावाला लावावं असं.

लाव्हर्न वाकून बघत राहिला. "ग्रीस तर आहे की."

"आहे. पण आत गेलंच नाही." मी बेअरिंग त्याच्या हातावर ठेवलं. "दोन्ही बाजूंनी रबराचं सील आहे, बघ. जिथं बाहेरून ग्रीस भरायचं असतं तिथं आतल्या बाजूचं सील काढून मग बेअरिंग बसवायचं. हे तसंच ठेवलंय. तू भरायचास ते दारात येऊन बसायचं."

"इतकी वर्षं?"

"बसवल्यापासून."

बसवलं कुणी, ते दोघांनाही ठाऊक होतं. एका फादर्स डेला रॉडनी नवीन बेअरिंगं घेऊन आला होता. "डॅड, आज तुम्ही खुर्चीत बसा," म्हणाला आणि दुपारभर डेकखाली पडून राहिला. पोरानं बापासाठी स्वतःच्या हातानं केलेलं तेवढं एकच काम. डॉरिस वहिनींनी फोटो काढला होता, दोघांच्या नाकाला ग्रीस लागलेलं. तो तेव्हा अजून त्यांच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारी.

लाव्हर्ननं बेअरिंग चिंधीत गुंडाळून खिशात टाकलं.

"त्याला सांगू नकोस."

"का? चूक त्याचीच आहे."

"म्हणूनच."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"ग्रीस घालायला मी विसरलो म्हणीन. म्हाताऱ्या माणसाला शोभतं ते."

"मूर्ख आहेस तू."

"हे तू आपण चीज फॅक्टरीत लागलो त्या पहिल्या दिवशी म्हणाला होतास. आता नवीन काहीतरी शोध."

नवीन बेअरिंगं आणली. बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं आतली सीलं उचकटून काढली, मधली नळी बसवली, नट आवळले. मग लाव्हर्नच्याच हातात ग्रीसगन दिली. तो दाबत गेला, आणि ग्रीस बेअरिंगमधून पार होऊन बाहेरच्या सीलच्या कडेनं लाल रेघ उमटली तेव्हा थांबला. बराच वेळ त्या रेघेकडं बघत होता. ट्रॅक्टर चालू केला तर पाती अशी फिरली, की शेजारच्या झाडावरची खार जागची हलली नाही.

रविवारी रॉडनी आला. लाव्हर्ननं इस्त्रीचा शर्ट घालून अंगण कापलं, गवतातले पट्टे असे सरळ की दोरी धरून मारल्यासारखे. मी शेगडीवर ब्राटवुर्स्ट, म्हणजे जाडे जर्मन सॉसेज, फिरवत होतो. रॉडनी बिअर घेऊन उभा, पोराचा चेहरा खरंच खुलला होता.

"काय मस्त चाललाय. फोनवर नुसती खडखड ऐकू यायची. नॉर्ब काका, झालं काय होतं? बेअरिंगं तर मी कोरी टाकली होती."

लाव्हर्न उतरत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "ग्रीस घालायला विसरलो मी."

"कधीपासून?"

"असेल बरेच दिवस."

रॉडनीनं बाटली खाली ठेवली. "डॅड, तुम्ही शनिवारचं ग्रीस विसरलात?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की लाव्हर्ननं स्वतःला कशात अडकवलंय. "हा विसरत नाही रे," मी म्हणालो. "बेअरिंगचं आतलं सील राहिलं होतं. तू काढलं नव्हतंस."

रॉडनी हसला, चांगल्या मनानंच. "काका, तुम्ही जन्मभर ह्यांना पाठीशी घातलंत. फॅक्टरीत दुधाचा हौद उतू गेला तेव्हाही म्हणालात व्हॉल्व्ह खराब होता."

"व्हॉल्व्ह खराबच होता," मी म्हणालो.

मग लाव्हर्नकडं वळलो. "खिशातलं बेअरिंग दाखव त्याला."

लाव्हर्ननं फुगलेल्या खिशाला हात लावला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं, आणि हात नुसता पँटला पुसला.

"डॅड, गॅसपण विसरता का?" रॉडनीनं हळू विचारलं. "गोळ्या?"

"कधीकधी," लाव्हर्न म्हणाला.

ब्राटवुर्स्ट एका बाजूनं काळे पडले. कुणी खाल्ले नाहीत.

मका कापायच्या आत लाव्हर्नचं घर विकलं. ट्रॅक्टर रॉडनीनं मला दिला, बापाची आठवण म्हणून. त्याचे डोळे भरले होते, ते खोटं नव्हतं. मला त्याचा राग धरायचा होता, तोही धड धरता येईना.

मी दर गुरुवारी टेकडीवर जातो. लाव्हर्नच्या खोलीत तोच फोटो लावलाय. परवा पत्ते खेळत होतो, तर बाहेर त्यांचा माणूस गवत कापायला लागला. मोठं, नवंकोरं यंत्र. लाव्हर्ननं पत्ते खाली ठेवले आणि मान तिरकी केली.

"डावीकडचा स्पिंडल," तो म्हणाला. "कोरडा चाललाय. जा, सांग त्याला."

"सांगितलं मागच्या आठवड्यात."

"मग?"

"म्हणाला, दर शनिवारी ग्रीस भरतो."

लाव्हर्ननं पत्ते उचलले. पाळी माझी होती, तरी तोच खेळला.