मामांची वायफाय-सुरक्षा

फोनची वॉरंटी जाऊ नये म्हणून मी त्याच्या मूळ यंत्रणेला हात लावला नाही. तीन दिवस खपून एका अ‍ॅपच्या पोटात लिनक्स बसवलं. आता आमच्या फिजीतल्या गावच्या सभागृहाचा राउटर किती पक्का आहे, ते तपासायचं होतं.

परवानगीशिवाय तपासणं म्हणजे चोरीच. म्हणून रीतीप्रमाणे यांगोना या झुडपाच्या मुळांची जुडी गावप्रमुख आपिसालोमेमामांपुढे ठेवली. मामांनी टाळ्या वाजवून ती स्वीकारली आणि त्याच मुळांच्या पेयाने भरलेली करवंटी माझ्या हातात दिली.

"बोल पोरी."

"मामा, राउटरचा पासवर्ड फोडून बघू?"

मामा दुखावलेच. "यांगोना घेऊन आलीस आणि फोडतेस काय? तुझ्या मामीचं नाव, पुढे एक-दोन-तीन. अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

अहवालात मी एकच दोष लिहिला: पाहुणचार.