टोकपाड्याला एक दिवस

बकुळाने सुनेला माहेर दाखवायचं म्हणून वर्षभर नुसता धोशा लावला होता. "अगं अदिती, एकदा चल तर खरी! एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र आणि मधे चिंचोळी जमीन, तिच्या पार टोकाला आमची वाडी. हिवाळ्यात चिकू इतके, की पायाखाली येतात!"

अदिती नाशिकची. ऐकून घ्यायची, हसायची. पण पोरगी स्पष्ट बोलणारी. एक दिवस भाजी निवडता निवडता तिने विचारलंच, "आई, बाबा गेल्यापासून मामांचं एकदाही बोलावणं आलं नाही ना?"

झालं! नेमकं वर्मावर बोट. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. दहाव्याला येऊन गेला तो तिचा भाऊ रामनाथ, त्यानंतर ना दिवाळीला फोन, ना भाऊबीजेला. ठाण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये बकुळा मनातल्या मनात कुढत होती, पण सुनेसमोर कबूल कोण करणार? वडिलांमागे वाडीतला आपला हिस्सा तिने हसत हसत भावाला सोडला होता. सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मला जमीन नको रे दादा, मला माहेर राहू दे म्हणजे झालं." आणि आता ही कालची मुलगी विचारतेय, माहेर आहे का म्हणून!

तिने त्याच संध्याकाळी फोन लावला. "दादा, रविवारी येतेय, सुनेला घेऊन."

"रविवारी होय?" रामनाथ जरा अडखळला. मग म्हणाला, "ये, ये."

बकुळाने तेवढं "ये, ये" कानात साठवलं आणि अडखळणं सोडून दिलं. माणूस असाच असतो हो, हवं तेवढंच ऐकतो.

लेकाला, समर्थला, सुट्टी नव्हती, म्हणून अदितीनेच गाडी काढली. चारोटीला हायवे सोडून डहाणूच्या रस्त्याला लागल्यावर बकुळाच्या तोंडाला खळ नाही. हे बघ, ते बघ. धाकटी डहाणूकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील दिसले, वास आला, अदितीने काच वर घेतली, तर हिने खाली करायला लावली!

फाटकाशी पोचल्या, तर काय! दारात टेम्पो ट्रॅव्हलर उभी. वर भली मोठी पाटी, 'टोकपाडा ॲग्रो स्टे'. भाचा हितेश कमरेला स्पीकर आणि तोंडाशी माईक लावून घाटकोपरच्या ग्रुपला चिकूचा मिल्कशेक वाटत होता.

"आत्या! आलात?" तो धावत आला, वाकून पाया पडला. पोरगा वाईट नव्हे, पण घाईत. "आज ग्रुप आहे ना, खोल्या सगळ्या फुल. तुम्ही असं करा, यांच्याबरोबरच फिरा. सगळं कव्हर होईल."

कव्हर होईल! ज्या वाडीत ती फ्रॉक घालून हुंदडली, ती वाडी आता तिला कव्हर करायची होती. तरी ती म्हणाली, "हो, हो, चालेल की." सून शेजारी उभी होती ना.

मग काय, निघाली वरात. चिकू काढायची जाळीची काठी प्रत्येकाने हातात धरून फोटो काढले. होडीतून खाडीत फेरी झाली, बगळे झाले. टोकावरच्या खडकावर उभं राहून एकीकडे समुद्र, एकीकडे खाडी असा व्हिडिओ झाला. विहिरीशी हितेश माईकमध्ये म्हणाला, "ही आपली पोर्तुगीजांच्या काळातली विहीर!"

"कसले पोर्तुगीज," बकुळा सुनेच्या कानाशी पुटपुटली, "बाबांनी खणली. मी पाचवीत होते."

अदिती खुदकन हसली. तेवढंच त्या दिवसातलं सुख.

रामनाथ भेटला तो जेवणाच्या वेळी, झोपाळ्यावर. "बरी आहेस ना बकू? जेवून घे," म्हणाला आणि घाटकोपरवाल्यांना सोलकढी मिळाली का ते बघायला उठला. तिला वाटलं होतं, तो माजघरात बसवील, सुनेची विचारपूस करील, निदान नवऱ्याचा एक शब्द काढील. ती वाट बघत राहिली. पाहुण्यांच्या पंगतीत, पाहुण्यांच्या थाळीत तिने जेवून घेतलं.

चहानंतर अंगणात पाट मांडले गेले. माईक बोलला, "आता आपली ट्रॅडिशनल ओटी! माहेरवाशीण घरी आली की तिला रिकाम्या पदराने पाठवत नाहीत." जीन्सवाल्या मुलींना पदराच्या जागी ओढण्या दिल्या. हितेशची बायको भाविका एकेकीला हळदकुंकू लावून तांदूळ, नारळ, खण ओटीत घालत होती आणि फोनवर फोन चमकत होते. अदितीचीही भरली.

बकुळाचे डोळे भरून आले. काही का असेना, माहेरची ओटी ती! ती पुढे झाली.

भाविका कावरीबावरी झाली. हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही नका ना बसू… म्हणजे, तुम्हांला माहितीये ना."

घाटकोपरच्या हंसाबेन शेजारीच होत्या, नारळ सांभाळत. "अरे, बसू द्या ना त्यांना! माझे मिस्टर जाऊन किती वरसं झाली, मला तर भरली तुम्ही."

"आंटी, तुम्ही गेस्ट," भाविका म्हणाली. "गेस्टला आम्ही काय विचारत नाय. आत्या घरच्या आहेत ना."

घरच्या! सकाळपासून ह्या एका शब्दासाठी ती आसुसली होती, आणि तो मिळाला तो हा असा. तिला भर अंगणात मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने झोपाळ्याकडे बघितलं. "दादा, ऐकतोयस ना?"

"रीत आहे ती, बकू. आईच्या वेळेपासूनची. चारचौघांत कशाला वाढवतेस?"

"आईच्या वेळेपासून दारात ट्रॅव्हलर येत होती का रे?"

रामनाथ मान खाली घालून आत गेला. बकुळा पाटावर बसली आणि तिने पदर पसरला. "भाविका, मला गेस्ट धर आणि भर."

भाविकाने नवऱ्याकडे बघितलं. हितेशने फोन धरलेल्या माणसांकडे बघितलं. "भर, भर पटकन," तो म्हणाला. तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला. कुंकवाचा करंडा मात्र भाविकाने हळूच मागे सरकवला.

अदितीने सासूला हाताला धरून उठवलं आणि गाडीपर्यंत नेलं. ती एक अक्षर बोलली नाही, आणि बकुळाला तेच जास्त लागलं. आता हिच्यापासून लपवायला काही उरलं नव्हतं.

रामनाथ फाटकाशी आला. सगळ्या ग्रुपला देत होते तीच चिकूंची कापडी पिशवी त्याने खिडकीतून आत दिली. "रागावू नकोस, बकू. परत ये हं."

"येईन ना," बकुळा म्हणाली. "आधी बुकिंग करते."

रामनाथ मोकळा हसला. बहीण थट्टा करतेय, असंच वाटलं त्याला.