नेफा न उसवता

आमच्या केसरचा पाय मोडला तो माझ्या नावापायी. आज हे मी हसत सांगतो, पण तेव्हा कोणी म्हटलं असतं तर त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

दोन हजार सालची गोष्ट. चौसाळ्यात हायवेला माझं एसटीडीचं दुकान होतं आणि त्याच दुकानात, फोनच्या काचेच्या खोलीला चिकटून, बायकोचं, म्हणजे केसरचं, शिलाई मशीन. दुकान माझं, पण गिऱ्हाईक तिचं. बायका परकर शिवायला यायच्या आणि आलोच आहोत तर म्हणून बहिणीला फोन लावायच्या. त्या दिवशी पेंटर नवा पिवळा बोर्ड टांगून गेला होता, 'बंकट कम्युनिकेशन'. मी बीडहून कापड घेऊन लुनावर येत होतो, मागे केसर. दुकानाजवळ आल्यावर आपलं नाव कसं दिसतंय म्हणून मी मान वर केली आणि लुना खडीच्या ढिगात घातली. मला खरचटलंसुद्धा नाही. केसरचं हाड मोडलं, उजव्या गुडघ्याच्या अगदी खाली.

बीडच्या दवाखान्यात तिचा एकच प्रश्न होता, "मला मशीन मारता येईल का?" तो प्रश्न आमच्या घरातूनच आला होता. माझी चुलत वहिनी चंद्रभागाबाई. दहा वर्षांपूर्वी तिचाही गुडघा मोडला होता. मोठं ऑपरेशन, मग तीन महिने प्लास्टर, आणि तेव्हापासून गुडघा वाकलाच नाही. पंगतीला बसली की तिचा पाय समोरच्याच्या ताटापर्यंत जायचा. वीतभर लांबीचा व्रण ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. तसा पाय घेऊन पायडल कसं मारणार?

डॉक्टर होते विश्वेश्वर, मूळचे परळीचे, नुकते पुण्याहून शिकून आलेले. मिसरूड फुटल्याला फार दिवस झाले नसावेत असं मला वाटलं. ते म्हणाले, "मोठं चिरणार नाही. गुडघ्याखाली दोन बोटांचा छेद घेतो, त्यातून धातूची पट्टी हाडाला लागून खाली सरकवतो. स्क्रूसाठी बारीक भोकं. मांस सोलवटायचं नाही, म्हणजे हाडाचा रक्तपुरवठा शाबूत राहतो आणि गुडघा लगेच वाकवायला घेता येतो."

"उघडून बघितल्याबिगर कसं कळंल?" मी म्हणालो. "इंजन खोलल्याबिगर कुणी नीट करतं का? चांगलं ऐसपैस कापा, डॉक्टरसाहेब. आमी काय कमी पडू देणार न्हाई."

"पाय कुणाचा हाय?" केसर कॉटवरून कडाडली. मग डॉक्टरांकडे वळली. "म्हंजी नेफ्यात नाडी ओवायची. नेफा न उसवता."

डॉक्टरांनी मान डोलावली. "हो. अगदी तसंच."

"पर आत नाडीला पीळ पडतो. तुमाला भाईरून कसं कळंल?"

"एक्स-रेचा टीव्ही असतो, ताई. पट्टी सरकताना त्यावर दिसते."

"असं आपरेशन तुमी किती जणांचं केलंय?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. "शिकताना पुष्कळ वेळा हाताखाली उभा होतो. एकट्यानं दोन. तुमचं तिसरं."

"खरं बोलला. मंग करा. पर टीव्हीत बघूनच वढा, अंदाजानं न्हाई."

ऑपरेशन झालं. आठवड्याने घरी आलो तर निम्मं गाव बघायला. बँडेज सुटल्यावर दिसलं काय, तर एक छोटा छेद आणि चार-पाच ठिपके. लोकांचा फार हिरमोड झाला. चंद्रभागा वहिनी तर चिडलीच. "ह्याला आपरेशन म्हणत्यात व्हय? डास चावल्यावानी दिसतंय! माझं बघ." हातच्या कंकणाला आरसा कशाला, पण मला एक्स-रे खिडकीला चिकटवून ठेवावा लागला.

पाय टेकवायचा नाही, पण रोज वाकवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केसरने मशीनवर बसून चांगल्या पायाचं माप आधीच घेतलं होतं. बुडापासून टाचेपर्यंत बावीस इंच. दुखरा पाय तिथवर आला की पायडल मारता येणार. पहिल्या दिवशी टेप भरला एकोणतीस. ती दातांत पदर धरून टाच ओढायची, मी टेप धरायचो आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचो. सत्तावीस. सव्वीस. चोवीस. आणि तिथे गाडी अडली. आठ दिवस चोवीसच. तिची उमेद गेलेली मला बघवेना. नवव्या दिवशी मी म्हणालो, "साडेतेवीस!"

तिने टेप माझ्या हातातून घेतला. "पंधरा वर्सं झाली मला टेप वाचायला लागून," ती म्हणाली. "खोटं माप घेऊन कापड नासतं. माझ्याम्होरं असलं करू नगा."

मी बाहेर जाऊन बोर्डाखाली बसलो आणि पोटभर रडलो. माझं नाव डोक्यावर झळकत होतं. तो बोर्ड उपटून फेकावासा वाटला. मग पुन्हा आत गेलो आणि टेप धरला. पावणेचोवीस यायला आणखी चार दिवस लागले. ते मात्र खरे होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, पण आमचं शेपूटच, बावीस येईपर्यंत, महिनाभर चाललं.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी एक्स-रे पाहून पाय टेकवायला पूर्ण मोकळीक दिली. दुसऱ्या दिवशी केसर मशीनवर बसली. दुकानात चंद्रभागा वहिनी होती, परकराचं कापड घेऊन, पाय लांब पसरून. केसरने पायडलवर पाय ठेवला. चाक अर्धं फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, आणि मशीनची खडखड सुरू झाली. ती मी चार महिने ऐकली नव्हती. फोनवर बोलणाऱ्या माणसाने काचेतून हात हलवला, आवाज कमी करा म्हणून. मी त्यालाच गप्प बसवलं.

परकर तयार झाल्यावर केसरने तो माझ्याकडे टाकला. "नाडी ओवा."

मी पिन लावून नाडी आत घातली. अर्ध्यात पिन सुटली आणि आतच राहिली. मी ब्लेड उचललं.

"उसवू नगा," केसर म्हणाली. "बोटानं चाचपा. सापडंल."

मी चाचपत राहिलो. पिन मागे सरकायची, आडवी व्हायची. शेवटी कापडावरूनच ती चिमटीत धरली, नाडीच्या टोकात पुन्हा टोचून बंद केली आणि इंच इंच पुढे आणली. दोघी बघत होत्या. कोणी घाई केली नाही. पिन दुसऱ्या तोंडातून बाहेर आली तेव्हा माझं बोट रक्ताळलं होतं, पण नेफ्याचा टाकासुद्धा हलला नव्हता.

वहिनी आपल्या पसरलेल्या पायाकडे बघत होती. तिने साडी व्रणावर ओढून घेतली.

"माझ्या वक्ताला येवढा दम कुणी धरला न्हाई गं, केसर," ती म्हणाली.

केसर मशीनवरून उतरली, वहिनीशेजारी जमिनीवर बसली आणि तिच्या परकराच्या नाडीला दोन्ही टोकांना गाठी मारू लागली. बसताना तिचा गुडघा वाकला, हे तिच्या लक्षातही आलं नाही. आमच्या दोघांच्या आलं.