बंदवाले

“थांबा! सात नंबरला हात लावू नका!”

वडील ओरडले आणि क्रेनचा हूक वरच्या वर थांबला. लेकीने दचकून त्यांचा दंड धरला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या छातीत एवढा आवाज शिल्लक असेल असे तिला वाटले नव्हते. घरी तर ते चहासुद्धा खुणेने मागत.

आकाशपाळण्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या तरुण इंजिनिअरने हातातला कागद खाली केला. “आजोबा, आता काय झालं? समोरासमोरची जोडी काढायची, असं तुम्हीच सांगितलंत. सात काढतोय, मग एकोणीस. चोवीस पाळण्यांचा हिशेब बरोबर आहे.”

“हिशेब बरोबर आहे, पाळणा नाही. मूळचा सात नंबर खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला. त्याच्या जागी आम्ही इथल्याच वर्कशॉपातून नवा करून घेतला. पत्रा जाड निघाला, ऐंशी किलो जादा भरला. मग तोल जाऊ नये म्हणून एकोणीसच्या मागं, चाकाच्या कड्यात लोखंडी पट्ट्या भरल्या. एकोणीस आत्ता वर आहे. खालून सात काढलात की वरचा भार हे चाक गरकन फिरवेल. तुमचे दोर एका पाळण्याच्या वजनाचे आहेत. आणि ती दोन माणसं कड्यावर उभी आहेत.”

“कुठं लिहिलंय हे?”

“लिहिलेलं सगळं कचेरीबरोबर समुद्रात गेलं. आता मीच आहे.”

इंजिनिअरने क्षणभर वर पाहिले, मग त्या दोघांना खाली बोलावले. दोर दुहेरी केले, चाक हळूहळू फिरवून एकोणीस नंबर खाली आणला. एकाने कड्यावरचा रंग खरवडला. आत चार बोल्ट लावलेले झाकण निघाले आणि झाकणाआड तेल लावून नीट रचलेल्या पट्ट्या. त्या एकेक करून वाळूत पडू लागल्या तशी इंजिनिअरने कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. “आजोबा, खुर्ची घ्या. आता तुम्ही म्हणाल तसं.”

“खुर्चीवरून वरचं दिसत नाही,” वडील म्हणाले आणि उभेच राहिले.

समुद्रकाठच्या या करमणुकीच्या बागेला गावात सगळे नुसते ‘बाग’ म्हणत. समुद्राला भिंत घालून दलदलीवर ती उभी राहिली तेव्हा वडील चोवीस वर्षांचे होते. आकाशपाळणा जहाजातून खोक्यांत आला, सोबत एक परदेशी फिटर आला. त्याची भाषा वडिलांना कळेना, वडिलांची त्याला. चार महिने दोघे खुणांवर बोलले, आणि जाताना तो आपले पान्हे यांच्या हाती देऊन गेला. पुढे वीस-पंचवीस वर्षे बागेने नुसता धुमाकूळ घातला. सुट्टीच्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत जाई. मग शहरात थंडगार मॉल आले, समुद्राने भिंत कुरतडायला घेतली, आणि एका वादळात धक्का आणि कचेरी दोन्ही वाहून गेली. त्याला बारा वर्षे झाली. तेव्हापासून पाळण्यांत पक्ष्यांची घरटी होती. आता चाकच कोसळेल या भीतीने सरकारी खात्याने ते उतरवायला घेतले, आणि उतरवायचे कसे हे सांगणारा एकच माणूस उरला होता.

चाक फिरवण्याच्या खटपटीत तास गेला. तेवढ्यात फाटकातून एक ठेंगणी म्हातारी थर्मास घेऊन आली. पाळण्याच्या खिडकीवर तीस वर्षे तिकिटे फाडणारी मावशी. तिने लेकीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तू बंदवाल्यांची मुलगी ना?”

लेकीच्या कपाळावर आठी चढली. ‘बंदवाले’ हे नाव तिने तीस वर्षांत आपल्यासमोर कोणाला घेऊ दिले नव्हते. ती अकरा वर्षांची असताना शाळेच्या सुट्टीतल्या एका रविवारी, रांग रस्त्यावर गेलेली असताना, वडिलांनी पाळणा बंद केला होता. एकोणीस दिवस बंद. मेकॅनिकने ग्रीस घालण्यात हयगय केली, बेअरिंग जळले, असे मालकाने वर्तमानपत्रात छापून आणले. वडिलांना वर्षभर फाटकावर राखणीला उभे केले. मुले तिच्या मागे ‘बंदवाले, बंदवाले’ ओरडत आणि ती घरी येऊन वडिलांशी बोलत नसे. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

“मावशी, ते नाव नको.”

“का गं? मी तर मानानं घेते.” मावशीने कपात चहा ओतला. “तुला ठाऊकच नाही की काय? ग्रीसबीस काही नाही. त्या दिवशी तुझे वडील पाळण्याखाली उभे राहिले, कान दिला आणि मला म्हणाले, मावशी, खिडकी लावा. मालक धावत आला. ‘डोकं फिरलंय का तुझं? एवढी माणसं उभी आहेत!’ हे म्हणाले, ‘म्हणूनच.’ एवढंच. मग एकेक पाळणा रिकामा करत हातानं चाक फिरवलं. वरचं शेवटचं पोर उतरायला साडेतीन तास लागले. शिव्या खाल्ल्या, एकानं तर बाटली मारली. आणि नवव्या दिवशी चाक ज्यावर फिरतं तो शाफ्ट काढला तर मधोमध चीर. माझं बोट गेलं असतं आत. मी पाहिलीय.”

“मग मालकानं...”

“चीर होती म्हटलं असतं तर पुन्हा कोण चढलं असतं? मालकानं हात जोडले, दोष तू घे म्हणाला. आणि यांनी घेतला.”

लेकीने चहाचा भरलेला कप तसाच वाळूत ठेवला. मग ती वाळू तुडवत वडिलांकडे गेली. ते मान वर करून पाहत होते. ओठ हलत होते, बहुधा बोल्ट मोजत होते.

“बाबा, शाफ्टला चीर होती?”

त्यांनी मान खाली केली. दूर थर्मासपाशी बसलेल्या मावशीकडे पाहिले. “शेवटी बोललीच. तीस वर्षं पोटात ठेवलं होतं तिनं.”

“तुम्ही का नाही बोललात?”

“नवा शाफ्ट बसला होता. पाळणा ठीक झाला होता. बोललो असतो तर बाग बंद पडली असती. शंभरेक घरं होती गं बागेवर. मावशीचं होतं. बोलून कोणाचं भलं झालं असतं?”

“माझं झालं असतं.”

त्यांनी वाळूत पडलेली एक पट्टी पायाने बाजूला सारली. वर कामगार एकमेकांना हाका मारत होते.

“हो,” ते म्हणाले. “तुझं झालं असतं. तेवढं चुकलंच माझं.”

ती भांडायच्या तयारीने आली होती. त्यांनी इतके सरळ कबूल केल्यावर भांडायला काही उरलेच नाही. तिने त्यांच्या सदऱ्यावरची गंजाची भुकटी झटकली आणि तिथेच त्यांच्याशेजारी उभी राहून विचारले, “आता कुठला नंबर?”

“आता सात काढू दे. मग एकोणीस.”

काम पाच दिवस चालले. तिने आपल्या ऑफिसातून रजा काढली. वडील रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत, वाऱ्याचा अंदाज घेत, मगच कामाला परवानगी देत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वारा पाहून दुपारपर्यंत सगळ्यांना नुसते बसवून ठेवले आणि क्रेनवाला एका शब्दाने कुरकुरला नाही. एका खांबावर चढताना कोणाचा कमरेचा पट्टा सैल दिसला तर ते बोटाने खूण करीत आणि तो माणूस निमूट उतरे. पाळणे उतरले, आरे उतरले, कडे तुकड्यातुकड्याने खाली आले. पाच दिवसांत कोणाच्या बोटाला खरचटलेसुद्धा नाही.

पाचव्या संध्याकाळी शाफ्ट उतरला. क्रेनने तो लाकडी ठोकळ्यांवर अलगद ठेवला, साखळ्या सुटल्या, आणि कामगार नळावर हातपाय धुवायला गेले. वरती आता नुसते आकाश होते. समुद्र मात्र एकदम जवळ आल्यासारखा वाटत होता.

वडील शाफ्टपाशी गेले आणि त्यांनी त्यावर तळवा टेकला.

“गरम आहे,” ते म्हणाले. “आत्ताच फिरून थांबल्यासारखा.”

“दिवसभर ऊन होतं, बाबा.”

“हं. उन्हानंच.” पण हात काढला नाही.

तिने चप्पल वाळूत सोडली, शाफ्टच्या पलीकडून वळसा घालून आली, आणि त्यांच्या हाताशेजारी आपलाही हात ठेवला.