उकडलेल्या भाजीवर संशय

मावशीची खानावळ आमच्याच आरोग्य खात्याने बंद केली, आणि कावीळ कुठून आली ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. नात्यातला माणूस नको, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बिननात्याचा रजेवर आहे."

खानावळीसमोरच्या विमा कचेरीत एकामागून एक माणसं पिवळी पडत होती. ही कावीळ खाण्यातून पसरते. आजारी माणसाचा न धुतलेला हात अन्नाला लागतो, विषाणू पुढच्याच्या पोटात जातो आणि महिनाभर निवांत पडून राहतो. म्हणून मी घरोघर विचारत होतो, महिन्यापूर्वी काय खाल्लंत? लोकांना कालचं आठवत नाही. यांना मात्र पाठ होतं.

"उकडलेली भाजी. मावशींकडची," रोखपाल अंथरुणातून म्हणाला.

"आणखी?"

"पाणी."

रिसेप्शनवरची बाई, तेच. शिपाई, तेच. कचेरीत वजन उतरवायची स्पर्धा चालू होती, बक्षीस भरपगारी रजा. अंथरुणात पडूनही कुणी माघार घेतली नव्हती; उलट कावीळ झाल्यापासून आकडे छान उतरत होते.

भाजी चांगली उकळली की हा विषाणू मरतो. मावशीच्या भाजीत तर चवही जिवंत राहत नसे. तिचं रक्तही स्वच्छ निघालं.

"मग उघड की," मावशी म्हणाली.

"खरा उगम सापडल्याशिवाय नाही उघडता येत."

"म्हणजे चोर सापडेपर्यंत साव आत? अरे, गिऱ्हाइकं दुसरीकडे जेवायला लागलीत. एकदा जिभेला सवय लागली की परत येतात होय?"

मी पुन्हा रोखपालाकडे गेलो. पुन्हा भाजी, पुन्हा पाणी. शेवटी वैतागून म्हटलं, "तुमचं राहू द्या. ती रिसेप्शनवरची काय खायची?"

रोखपाल उठून बसला. "ती? मागच्या गल्लीत स्ट्रॉबेरीचा शेक. वर साय."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिच्या मागेच..." तो थांबला. "लांबून दिसलं."

बाईने शिपायाचं नाव घेतलं. शिपायाने रोखपालाचं घेतलं, पट्टा सैल केल्याच्या तपशिलासह.

शेकवाला म्हणाला, "मी हात धुतो हो."

"तुम्ही धुता. स्ट्रॉबेरी पिशवीत भरणाऱ्याने धुतले नसतील."

फळं गोठवलेली होती. थंडीने हा विषाणू मरत नाही, टिकतो. पिशवीतला आणि रुग्णांमधला विषाणू एकच निघाला. तो सगळा माल बाजारातून उचलला.

मावशीचं शटर वर गेलं. दुपार झाली तरी कुत्रं फिरकलं नाही.

"बंद करताना गाडीवर भोंगा लावून आलात," मावशी म्हणाली. "आता कुठाय तो?"

"उघडल्याचा भोंगा आमच्याकडे नसतो."

"मग बस दारात. ओळखपत्र गळ्यात राहू दे. जेव, लोकांना दिसू दे."

मी भाजी खाल्ली. तिने परत वाढली. तीही खाल्ली, शक्य तितक्या आनंदी चेहऱ्याने.

अखेर रस्त्यावरची एक बाई थांबली. तिने जवळ येऊन माझं ओळखपत्र वाचलं, ताटात डोकावून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "अजून तपासणी चालू आहे वाटतं?"